पेज बटाईचं, वही आपली



थंडी पडली की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक नेहमीचे, भरताच्या वांग्याचा आणि दादरचा भाव विचारणारे. दुसरे गेल्या चार-पाच वर्षांत सुरू झालेले, ते पोरांचे. "काका, मला पण पेज काढायचंय, थेट विकायचंय, व्यापाऱ्याला फाटा द्यायचाय." पोरगं बी.एस्सी. ॲग्री झालेलं असतं, नाहीतर पुण्यातली नोकरी सोडून आलेलं असतं. घरी तीन-चार एकर जमीन असते. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकू. मी दहावी पास माणूस, भाषेत इकडं-तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आधी चांगलं ते सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा फोनच्या नावानं बोटं मोडतोय. तसं काही नाही. मी स्वतः आठ-नऊ वर्षांपासून दादर ज्वारी आणि वांगी फोनवर विकतो. आपली दादर म्हणजे काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारं पीक. पाणी नाही, खत बेताचं, भाकरी गोड. बाजार समितीत गेली की तिला ज्वारी म्हणूनच मोजतात. पुण्या-नाशकात राहणारा आपला खान्देशी माणूस मात्र दादरचं नाव ऐकलं की दोन पैसे जास्त द्यायला तयार असतो. त्या माणसापर्यंत मला फोननंच पोचवलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाजार बंद होते तेव्हा किती शेतकऱ्यांचा भाजीपाला आणि फळं सोसायटीच्या ग्रुपवरच विकली गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडच्या बचत गटाच्या बायांनी बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया असेच विकले. आधी त्यांचा माल भिशीच्या बाहेर जात नव्हता.

तेव्हा फोन वाईट, असं मी म्हणत नाही. सगळा धंदा त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणं वाईट, एवढंच म्हणतो. का, ते माझ्या भाच्याच्या उदाहरणावरून सांगतो. त्याला विचारूनच लिहितोय.

भाचा यावल तालुक्यात आहे. पहिल्या वर्षी त्यानं वीस गुंठे भरताचं वांगं लावलं. दर चार-पाच दिवसांनी तोडा. दोन-अडीच क्विंटल माल निघायचा. वांगी पुसून, देठ सांभाळून, कागदात गुंडाळून खोक्यात भरायची आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला धाडायची. सकाळी तिकडचा एक ओळखीचा पोरगा तीन सोसायट्यांत वाटायचा. भाडं, खोकी, वाटपाचे पैसे जाऊनही हातात बाजारापेक्षा दीडपट-दुप्पट पडायचं. कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजतानाचे त्याचे व्हिडिओ लोकांना फार आवडले. एका व्हिडिओला तर लाखावर लोकांनी पाहिलं. गडी खूश.

दुसऱ्या वर्षी त्यानं दोन एकर लावलं. आता तोड्याला आठ-नऊ क्विंटल माल. तीन सोसायट्या तेवढं खाणार थोडंच? म्हणून त्यानं कुणाकडून तरी नंबरांची यादी आणली आणि शेकडो अनोळखी लोकांना मेसेज धाडले. चंपाषष्ठीच्या आधीचा आठवडा, वांग्याला सगळ्यात जास्त मागणी असते तो. त्याच आठवड्यात एका सकाळी त्याचं खातं बंद. कारण एका ओळीचं, नियमभंग. विनंतीअर्ज केला. उत्तर यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस तो कुणाकडं जाऊन बसणार? तिथं ना खिडकी, ना साहेब, ना शिपाई. तलाठी निदान तालुक्याला तरी सापडतो.

वांगं काही अकरा दिवस थांबत नाही. वेळेवर नाही तोडलं तर बी भरतं, कडक होतं, भरताला चालत नाही. तीन तोडे त्या काळात गेले. भाचा म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक आहेत हो, पण मला त्यांचे नंबरच माहीत नाहीत." म्हणजे बघा. ऑर्डर यायची ती ग्रुपवर. नाव असायचं 'सी विंग ३०४'. नंबर ॲपच्या आत, फोनच्या डायरीत काहीच नाही. ॲपचं दार बंद झालं आणि तीनशे गिऱ्हाईक एका रात्रीत अनोळखी झालं.

माझ्याकडं दादरची वही आहे. दोनशे पानी, शाळेच्या पोरांसारखी. त्यात नाव, नंबर, गाव, किती नेली, पैसे आले का, सगळं हातानं लिहिलेलं. त्यातली पुण्याची माणसं काढली आणि आम्ही दोघांनी साधे फोन लावले. पहिल्या तोड्यातलं दीड-पावणेदोन क्विंटल असं गेलं. उरलेलं अडतीवर नेलं. तिथंही अडचण. भाच्यानं दोन वर्षं अडतीवर पाऊल ठेवलेलं नव्हतं. मालाला भाव मिळाला तो शेवटच्या लिलावातला. नेहमी येणाऱ्याचे क्रेट आधी मोजले जातात, ही बाजाराची रीत आहे, तिला दोष देऊन उपयोग नाही. घरात लग्न ठरलेलं होतं, सोसायटीचा हप्ता होता. तोटा फार मोठा नाही म्हणा, पण त्या दहा-बारा दिवसांत पोराचं तोंड उतरलं होतं ते मी पाहिलंय.

आता याच्यामागचं कारण समजून घ्या. आपल्याला निमबटाई कळते. जमीन दुसऱ्याची, राबणं आपलं. बटाईनं जमीन घेताना आपण काय करतो? बोलणी करतो, किती वर्षं ते ठरवतो, चार माणसं साक्षीला बसवतो. पेज, चॅनल, ग्रुप हे सगळं बटाईचंच शेत आहे. सातबारा दुसऱ्याच्या नावावर. फरक एवढाच की इथं मालक कधी भेटत नाही, मुदत ठरलेली नाही, आणि पीक उभं असताना तो बांधावरून बाहेर काढू शकतो. आपण मात्र त्या शेतात विहीर खोदायला लागतो.

हे मी नुसतं भाच्यावरून बोलत नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. गलवानला आपले जवान शहीद झाले होते, देशाचा निर्णय होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं जामदे गाव आठवा. तिथलं एक कुटुंब नाचाच्या व्हिडिओंमुळं देशभर ओळखीचं झालं होतं. असे कितीतरी लोक खेड्यापाड्यांतून वर आले होते. बंदी आली आणि सगळ्यांचे लाखो फॉलोअर तिथंच राहिले. एका ॲपवरचे फॉलोअर पोत्यात भरून दुसऱ्या ॲपवर नेता येत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नाच-गाण्याचा माणूस निदान सहा महिने थांबून पुन्हा उभा राहू शकतो. नाशवंत माल असलेला शेतकरी सहा दिवससुद्धा थांबू शकत नाही.

दुसरं, बंदी न येताही दार आतून हळूहळू लोटलं जातं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं जाहीर केलं की यापुढं लोकांना मित्रांच्या आणि घरच्यांच्या पोस्ट आधी दिसतील, धंद्याच्या पेजच्या कमी. म्हणजे तुमच्या पेजला दहा हजार लोक असले तरी दहा हजारांना पोस्ट दिसत नाही. त्यातल्या थोड्यांना दिसते. जास्त जणांना दाखवायची तर जाहिरातीचे पैसे भरा. कंपनी आहे, तिचा धंदा आहे, ती तसंच करणार. पण आपण हिशेब मांडताना 'माझे दहा हजार गिऱ्हाईक' असं धरतो, ते चूक. ते दहा हजार पाहणारे आहेत, आणि तेही कंपनीच्या मर्जीनं पाहणारे.

तिसरं, सगळंच बंद पडणं. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. आपल्याकडं रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम बंद पडले. जवळपास सहा तास जगभर ठप्प. काही हल्ला वगैरे नव्हता. कंपनीनं नंतर सांगितलं की नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनं त्यांची डेटा सेंटरं जोडणारं जाळंच तुटलं. तिन्ही ॲप एकाच मालकाची, म्हणून तिन्ही एकदम गेली. इथं शिकण्यासारखं आहे. पुष्कळ जण म्हणतात, "मी काही एकावर अवलंबून नाही, माझं फेसबुकही आहे, इन्स्टाही आहे, व्हॉट्सॲपही आहे." हे म्हणजे तीन पंप बसवले आणि तिन्ही एकाच डीपीवर जोडले. डीपी जळाली की तिन्ही बंद. आता ज्याची ऑर्डर रात्री नऊ ते अकरा येते आणि माल पहाटे तोडायचा असतो, त्यानं त्या रात्री काय करायचं? किती तोडायचं ते कळेना, न तोडावं तर माल जुना होईना का. अशा वेळी साधा फोन आणि साधा एसएमएस चालू होता, पण ज्याच्याकडं नंबर लिहिलेले होते त्यालाच.

चौथी गोष्ट सगळ्यात जड आहे. ज्या रस्त्यानं आपला व्हिडिओ जातो, त्याच रस्त्यानं अफवाही जाते, आणि ती जास्त पळते.

राईनपाडा आपण विसरू शकत नाही. साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आलेले. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कितीतरी दिवस मोबाइलवर फिरत होते. जमावानं त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढं धाडता येणार नाही अशी मर्यादा घातली. आपल्या जिल्ह्यातलं रक्त त्या मर्यादेमागं आहे. हे धंद्याच्या लिखाणात कशाला, असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, हेच आधी यायला पाहिजे. ज्या साधनावर माणूस माणसाला ओळखायच्या आधी मारतो, त्या साधनावर आपण आपल्या मालाचं नाव ठेवतोय, हे ध्यानात असू द्या.

मालाचं उदाहरण पाहिजे तर २०२० चा फेब्रुवारी-मार्च घ्या. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, असे मेसेज सुटले. शास्त्रज्ञ, पशुसंवर्धन खातं, सरकार सगळे सांगत होते की असं काही नाही. पण भाव उत्पादन खर्चाच्याही खाली गेले, लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनी २००६ साली खरा बर्ड फ्लू सोसला होता. यावेळी रोग नसताना सोसलं. त्याच वर्षी मे महिन्यात नगर, पुणे, नाशिक भागातल्या टोमॅटोवर विषाणू आला, फळाला रंगाचे पट्टे पडले. त्याला 'तिरंगा' नाव पडलं आणि तो माणसाला होतो असं पसरलं. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही. आपल्या केळीवर सीएमव्ही येतो, रावेर-यावलचे लोक बागा उपटून फेकतात, पण कुणी माणूस त्यानं आजारी पडलेला नाही. केळी औषधाच्या पाण्यात बुडवतानाचा व्हिडिओही तुम्ही पाहिला असेल, तो फिरून फिरून येतो. कार्बाइडवर बंदी आहे आणि इथिलीन वायूनं रायपनिंग चेंबरमध्ये पिकवायला परवानगी आहे, हा फरक त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते कमवायला पिढ्या गेल्या. एक व्हिडिओ बिघडवायला अर्धा मिनिट लागतो. आणि ज्याचं गिऱ्हाईक फक्त व्हिडिओवरून आलेलं आहे, ते व्हिडिओवरूनच जाणार. शेतावर येऊन गेलेलं, वर्षानुवर्षं बोलणं असलेलं गिऱ्हाईक फोन करून विचारतं, "भाऊ, हे खरं आहे का?" तेवढा विचारण्यापुरता भरवसा कमवायचा असतो.

पाचवं, ठकबाजी. हे सगळ्यांना माहीत आहे तरी रोज कुणीतरी सापडतं. पेजवर तुमचा नंबर उघडा असतो. फोन येतो, "मी आर्मीतून बोलतोय, कॅन्टीनला दोनशे किलो पाहिजे, पैसे आधी धाडतो, हा क्यूआर स्कॅन करा." ध्यानात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून गेले. दुसरं म्हणजे पैसे आल्याचा खोटा स्क्रीनशॉट. बँकेचा मेसेज किंवा खात्यातली रक्कम पाहिल्याशिवाय माल गाडीत चढवू नका. तिसरं म्हणजे पीएम किसानच्या नावानं ग्रुपवर येणारी एपीके फाइल. ती दाबली की फोनच दुसऱ्याच्या हातात जातो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. अडतीवर निदान परवानाधारक माणूस असतो, काटा असतो, पट्टी असते, समितीत तक्रार करता येते. 'हॅलो आर्मी' वाल्याची पट्टी कुणाकडं मागणार?

अडत्याची बाजू घेतोय असं समजू नका. केळीचे पैसे बुडवून पळालेले व्यापारी आपण काही कमी पाहिले नाहीत. जाहीर भाव एक आणि बागेत कापणीचा भाव दुसरा, हे दुखणं जुनंच आहे. थेट विक्रीची ओढ त्याच दुखण्यातून आलीय आणि ती रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की एका दाराचा कंटाळा आला म्हणून ते भिंत घालून बंद करू नका. त्याला उघडं ठेवून दुसरं पाडा.

सहावं थोडं शेतीचं. लाइक पाहून क्षेत्र वाढवू नका. व्हिडिओ एक लाख लोक पाहतात, त्यातले विकत घेणारे तीस-चाळीस निघतात. पाहणारा नागपूरचा असतो, दुबईचा असतो, त्याला वांगं काय पोचवणार? क्षेत्र ठरवताना एकच आकडा धरायचा, गेल्या हंगामात पैसे देऊन परत किती जणांनी घेतलं. तेवढ्यांना पुरेल एवढं क्षेत्र थेट विक्रीचं. त्याच्यावर जे लावाल ते बाजारासाठी लावतोय असं समजून, बाजाराचा पडेल भाव धरून लावा. तो भाव परवडत असेल तर लावा, नाहीतर त्या तुकड्यात हरभरा, दादर असं टिकणारं पीक घ्या. दादर चार महिने घरात राहते, वांगं चार दिवस राहत नाही. ज्याचा माल नाशवंत, त्याला फोनवरचा भरवसा जास्त महाग पडतो. केळीवाल्यालाही तेच. घड कापणीला आला की दिवस मोजायचे असतात. वेफर्स केलेल्याला महिना-दोन महिने हाताशी असतात.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. ह्यात काही फार शहाणपण नाही, सवयीच्या गोष्टी आहेत.

एक, वही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, साधा फोन नंबर, गाव, काय घेतलं. हंगाम संपल्यावर तिची एक नक्कल दुसऱ्या घरी. फोन विहिरीत पडला तरी धंदा विहिरीत पडत नाही.

दोन, गिऱ्हाइकाला माझा नंबर सेव्ह करायला सांगतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. दोनशे जणांना धाडलं म्हणून बसतात आणि पोचतं साठ जणांना. खोक्यात एक चिठ्ठीही टाकतो, नंबर आणि गावाचं नाव छापलेली.

तीन, अनोळखी नंबरांना घाऊक मेसेज नाही. व्हॉट्सॲप भारतात दर महिन्याला लाखो खाती बंद करतं, ते त्यांच्याच अहवालात असतं. विकत आणलेली यादी म्हणजे खातं बंद करायला दिलेलं आमंत्रण.

चार, धंद्याचं सिम आपल्या नावावर, रिचार्ज चालू. नव्वद दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी ते बंद करून नंबर दुसऱ्याला देऊ शकते. खात्याला दुहेरी पिन लावून ठेवा. पेजला घरातले दोन ॲडमिन ठेवा. पेज काढून देणारा पोरगा गाव सोडून गेला आणि पासवर्डही घेऊन गेला, असं व्हायला नको.

पाच, दर तोड्याला थोडा माल अडतीवर जातोच, भाव कमी असला तरी. सात-आठ क्रेट का होईना. अडत्याशी तोंडओळख राहते, बाजाराचा अंदाज राहतो, आणि अडल्या दिवशी आपला क्रेट आधी मोजला जातो. हा विम्याचा हप्ता समजायचा.

सहा, वर्षातून एकदा तरी गिऱ्हाइकाला भेटायचं. नाहीतर त्याला शेतावर बोलवायचं. थंडीत भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा असं केलं की पंधरा-वीस कुटुंबं आनंदानं येतात. एकदा बांधावर जेवून गेलेला माणूस अफवेवर पटकन विश्वास ठेवत नाही. पेजवर पाच हजार लोक वाढवण्यापेक्षा असे पंधरा बरे.

कृषी खात्यातले आणि केव्हीकेतले साहेब लोकही हे पान वाचतात. त्यांना एक विनंती. मार्केटिंगच्या शिबिरात तुम्ही पोरांना रील कशी करायची ते शिकवता, चांगलं आहे. त्याच शिबिरात अर्धा तास गिऱ्हाइकाची वही, पैशाची ठकबाजी आणि क्षेत्राचा हिशेब ह्यालाही द्या. खतांच्या मात्रेपेक्षा ते कमी महत्त्वाचं नाही. आणि अफवा उठली की त्याच दिवशी दोन ओळींचा खुलासा सही-शिक्क्यानं काढा. शेतकऱ्याला तो दाखवायला कागद लागतो. आठ दिवसांनी आलेला खुलासा वांग्याच्या कामाचा नाही.

भाच्याचं विचाराल तर त्यानं पेज बंद केलेलं नाही, मीही करू नको म्हणालो. यंदा त्याचं वांगं एक एकर आहे. दुसऱ्या एकरात दादर टाकलीय. वही त्याची त्यानं घेतली, पाटी-दप्तराच्या दुकानातली, जाड पुठ्ठ्याची. आतापर्यंत दोनशे सोळा नावं झालीत. त्यातल्या कितींनी दुसऱ्यांदा मागवलं ते तो लाल पेननं लिहितो. परवाच्या तोड्यात साडेचार क्विंटल निघालं. अडीच पुण्याला गेलं, दोन अडतीवर.

ज्यांच्या वांग्यात शेंडे वाळताना दिसताहेत त्यांनी ते शेंडे तोडून जाळून टाका, अळी आत आहे. बाकी वांग्याचं पुढच्या वेळी लिहितो.

जय किसान.